न सुटणारे पथ्य

वाचकहो, 'पथ्य' हा शब्द ज्या घरात कधी उच्चारला गेला नाही, असे मराठी घर क्वचितच सापडेल. मग ते घर पुण्यात असो, बडोद्यात असो, ग्वाल्हेरीस असो की तंजावरास. घरातले कुणी विषमज्वरातून उठले, कुणाची प्रसूती झाली, की साऱ्या स्वयंपाकघराचा कारभार त्या एका माणसाभोवती फिरू लागतो. प्रथम भाताची पेज, मग मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट, मग एके दिवशी चतकोर भाकरी. आणि शेवटी घरातली वडीलधारी बाई समाधानाने जाहीर करते, "झालं बाई, सुटलं एकदाचं पथ्य!" त्या दिवशी घरात काहीतरी गोडधोड होते. पथ्य हे सुटण्याकरिताच असते ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. या समजुतीने माझ्या थोरल्या बहिणीला जवळजवळ पांगळे केले. त्या अनर्थात माझ्या लेखणीचाही वाटा होता. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

या मासिकाच्या दिल्लीतील कार्यालयात मी भाषांतराचे व संपादनाचे काम करते. इंग्रजी किंवा हिंदीतून आलेला मजकूर मराठीत आणावयाचा, बोजड वाक्ये सोपी करावयाची, टोचणारे शब्द काढून टाकावयाचे, हा माझा नित्याचा उद्योग. आरोग्याचे पान बहुधा माझ्याच वाट्याला येते. त्यामुळे डॉक्टरी मजकुराची मला भीती वाटत नाही. उलट, खरे सांगावयाचे तर, त्याचा मला थोडा अभिमानच होता.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती इंदूरला गेली. होळकरांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेले, माणसांची सतत ये-जा असलेले ते घर. घरात भाऊजी, दोन मुले आणि ताईच्या सासूबाई. त्यांना सारेच माई म्हणतात. 2018 च्या अखेरीस ताईचे वय एक्केचाळीस, उंची 156 सेंटिमीटर आणि वजन 112 किलो होते. आठ वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि रात्री झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, असा सारा परिवार त्या वजनाबरोबर आलेला. "तोंडाला जरा आवर घाल," असे सांगणारी माणसे तिला पावलोपावली भेटत. तिने किती वेळा आवर घातला होता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा तिने बारा किलो वजन उतरविले. दीड वर्षात चौदा किलो परत आले. उपासमारीने वजन उतरले की शरीर भूक वाढवते, आपला खर्च कमी करते आणि गेलेले वजन परत मिळवू पाहते. हा शरीराचा धर्म आहे. त्यात माणसाच्या चारित्र्याचा काही दोष नाही. पण हे समजून घेण्याइतका धीर सल्ला देणाऱ्यांना कोठून असणार?

जानेवारी 2019 मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग वेगळा करून त्याची कोंबडीच्या अंड्यापेक्षाही लहान, सुमारे 30 मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करतात व लहान आतडे कापून तिला जोडतात. बाकीचे जठर पोटात तसेच राहते. फक्त अन्न त्या वाटेने जात नाही. 1967 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन आणि त्यांचे सहकारी चिकाशी इटो यांनी या पद्धतीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे 1990 च्या दशकापासून ती दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून होऊ लागली. दुसऱ्या एका पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवतात. कोणती पद्धत कोणाला योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. सुंदर दिसण्याची ही शस्त्रक्रिया नव्हे, एवढे मात्र येथेच सांगून टाकते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा 35 च्या पुढे असेल, तर तिचा विचार करावा, अशी शिफारस या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2022 साली केली. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी त्यांनी 27.5 हा आकडा धरला आहे, कारण आपल्याकडे मधुमेहादी विकार कमी वजनावरच गाठतात. ताईचा आकडा 46 होता.

त्या वेळी मी अर्जित रजा घेऊन इंदूरला गेले होते. शस्त्रक्रिया झाली त्याच संध्याकाळी परिचारिकेने ताईला उठवून खोलीभर चालविले तेव्हा माई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "अहो, टाके तुटतील तिचे!" परिचारिकेने समजावून सांगितले की, पडून राहिल्यास पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका टाक्यांच्या धोक्याहून पुष्कळ मोठा असतो. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. निघताना डॉक्टरांनी काही लक्षणे बजावून सांगितली: ताप, छातीची धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, किंवा घोटभर पाणीही न ठरणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावयाचे. जोडलेल्या जागेतून गळती होत असेल तर पहिली खूण बहुधा नाडीच्या वेगातच दिसते.

रुग्णालयाने बारा पानांची एक पुस्तिका दिली होती, आणि ती इंग्रजीत होती. घरात इंग्रजी सर्वांना येत होते, फक्त ज्यांच्या हाती स्वयंपाकघर होते त्या माईंना येत नव्हते. "तू एवढी मासिकात भाषांतरं करतेस, मग मला एवढं मराठीत उतरवून दे की," असे त्या म्हणाल्या. मी दोन रात्री बसून ते काम केले. सुवाच्य छपाई करून घेतली, आणि माईंनी ती पाने फडताळाच्या दाराला आतून चिकटविली. पुस्तिकेतील मजकूर कोरडा होता, तो मी घरगुती केला. माईंना तो फार आवडला. शेजारच्या बायकांनाही त्यांनी तो वाचून दाखविला.

पुढचे दोन महिने त्या स्वयंपाकघरात जे घडले ते पाहण्यासारखे होते. क्रम असा होता: पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग दोन आठवडे गुळगुळीत वाटलेले अन्न, मग मऊ, आणि दोन महिन्यांच्या सुमारास घरचे साधे जेवण. हा क्रम ऐकून माई म्हणाल्या, "यात नवीन ते काय? बाळंतिणीचं आणि तापातून उठलेल्याचं हेच असतं." पण दोन ठिकाणी त्यांचे शास्त्र आणि आहारतज्ज्ञ बाईंचे शास्त्र यांची टक्कर झाली. माईंचा सारा भर पेजेवर आणि वरणाच्या निवळ पाण्यावर. आहारतज्ज्ञ बाईंचे म्हणणे असे की, निवळ पाण्यात चव उतरते, प्रथिने खाली गाळात राहतात. ताईच्या पोटात एका वेळी चार चमचे अन्न मावणार, आणि दिवसाकाठी तिला निदान 60 ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. ती न मिळाली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून आधी ताक, गाळलेले पातळ दही आणि दुधात कालविलेली प्रथिनांची भुकटी. पुढे घोटलेले वरण, पिठले, मुगाचे धिरडे, मऊ पनीर. भात सर्वांत शेवटी, जागा उरली तर. भात शेवटी! ज्या घरात वरणभाताशिवाय जेवणाला प्रारंभ होत नाही, तेथे हा केवढा राज्यपालट! माई एक दिवस रुसल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊजींकडून वजनकाटा मागविला आणि तिसऱ्या दिवसापासून त्या मलाच ऐकवू लागल्या की, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम प्रथिने असतात आणि वाटीभर वरणात सहा-सात.

दुसरी टक्कर पाण्यावरून झाली. पान वाढले की तांब्या-भांडे शेजारी हवे, हा आपला शिरस्ता. येथे तर जेवताना पाण्याचा घोटही नाही; जेवण झाल्यावर अर्धा तास थांबावयाचे, आणि मग दिवसभर घोट घोट करीत दीड-दोन लिटर पाणी पोटात जाईल असे पाहावयाचे. एकदम प्यायले तर पोट दुखते, विसरले तर अंग सुकते. ताईने दर पंधरा मिनिटांनी वाजणारी घंटा लावून घेतली होती. त्या घंटेने भाऊजी इतके त्रासले की, शेवटी तिच्याबरोबर तेही पाणी पिऊ लागले.

आणि वाटी! ताईला घास लहान घेता यावा, सावकाश चावता यावा, म्हणून माईंनी आपल्या पेटीतून नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि इवलासा चमचा काढून दिला. एक्केचाळीस वर्षांची माझी बहीण त्या वाटीतून मुगाचे घोटलेले वरण खात बसलेली मला आजही दिसते. पहिला घास गिळल्यावर तिने डोळे मिटून घेतले. "भूक नाही गं लागत," ती म्हणाली. "आठवण तेवढी येते."

चौथ्या महिन्यात तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. शरीराला मोठा धक्का बसला, वजन झपाट्याने उतरले, की केसांची पुष्कळशी मुळे एकाच वेळी विसावतात आणि तीन-चार महिन्यांनी ते केस गळतात. पुढे बहुधा ते पुन्हा येतात. हे पुस्तिकेत होते, मी मराठीत व्यवस्थित उतरविलेही होते. पण आल्यागेल्याला ते कोण सांगणार? "काय दशा करून घेतलीस!" असे हळदीकुंकवाला आलेल्या बायका तोंडावर म्हणत. आधी ज्या जिभा 'जाडी' म्हणून टोचत होत्या त्याच आता 'वाळली' म्हणून हळहळत होत्या. चेहऱ्यावरची आणि दंडांवरची त्वचा सैल पडली होती. ताई आरशासमोर उभी राहण्याचे टाळू लागली. शरीर सुधारत असता मन खचू शकते, आणि त्याचीही विचारपूस करावी लागते, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले असेल तर ते तिच्या धाकट्या मुलाच्या. तो रोज संध्याकाळी तिला फिरावयास घेऊन जाई.

त्याच वर्षी मे महिन्यात देवासला आमच्या मावसभावाच्या मुलाची मुंज होती. पंगतीत मी ताईच्या शेजारीच बसले होते. मावशी जिलबीचे ताट घेऊन आली. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा पुरावा समजला जातो, आणि मावशीचे प्रेम तर प्रसिद्ध आहे. "एकीने काय होतंय? माझी शपथ आहे तुला!" ताईने माझ्याकडे पाहिले. मी हसले. खरे तर मी त्या वेळी "मावशी, नको" असे म्हणावयास हवे होते. ताईने दोन वेढी खाल्ली. पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला आणि ती आतल्या खोलीत चटईवर आडवी झाली. जठराचे दार राहिलेले नसल्याने साखर एकदम आतड्यात उतरते, आतडे तेवढेच पाणी ओढून घेते आणि सारे शरीर गोंधळते. अर्ध्या-पाऊण तासाने ती सावरली. त्यात जीवाला धोका नव्हता. पण मावशी रडली, आणि तेव्हापासून त्या कुटुंबात ताईच्या पानाला कोणी आग्रह करीत नाही. पुस्तिकेच्या बारा पानांनी जे साधले नसते ते त्या एका जिलबीने साधले.

जानेवारी 2020 मध्ये वर्षाची तपासणी झाली. वजन 73 किलो. मधुमेहाची एकही गोळी नसताना रक्तातली साखर ठीक. रात्रीचा श्वास मोकळा. रक्तातले इतर आकडेही जागेवर होते. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! सर्व ठीक आहे. पुढच्या वर्षी या." ताईने मला दिल्लीला दूरध्वनी केला तेव्हा ती रडत होती, आणि मीही.

त्या संध्याकाळी माईंनी देवापुढे दिवा लावला, पुरणपोळी केली, ताईला त्यातला चिमूटभर तुकडा दिला आणि म्हणाल्या, "सुटलं हो पथ्य!" मग त्यांनी फडताळाचे दार उघडून माझ्या त्या पानांतील औषधांचे वाक्य पुन्हा एकदा वाचले आणि गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

ते वाक्य असे होते: "जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत नियमित घ्याव्यात."

डॉक्टरांनी तर सांगितलेच होते की, सर्व ठीक आहे!

पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. 2021 ची तपासणी राहून गेली. कोणाचे काहीच बिघडलेले दिसत नव्हते. ताई चालत होती, प्रथिने मोजून खात होती, जेवताना पाणी पीत नव्हती. दिसणारे सारे नियम ती पाळीत होती. न दिसणारा तेवढा सुटला होता.

2022 च्या दिवाळीत भाऊबीजेला मी इंदूरला गेले, कारण आमचा भाऊही तेथेच येणार होता. दारातली रांगोळी पाहून मी थट्टेने म्हटले, "ताई, रेघा का गं थरथरल्या?" ती म्हणाली की, बोटांना रांगोळीची भुकटी नीट कळतच नाही. तांदूळ निवडतानाही तसेच होते. संध्याकाळी आम्ही बाजारात निघालो. जिना उतरून फाटकापर्यंत आलो तेव्हा माझे लक्ष तिच्या पायांकडे गेले. एका पायात चप्पल होती, दुसरी वर तिसऱ्या पायरीवर राहिली होती. ती निसटल्याचे तिला कळलेच नव्हते. "असं होतं हल्ली," ती ओशाळून म्हणाली. "अंधारात तर भिंत धरून चालते मी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंप पावणारा धातूचा चिमटा तिच्या घोट्याला लावला. तिला काही जाणवले नाही. डोळे मिटून उभे राहण्यास सांगितले, तशी ती झुलू लागली आणि भाऊजींनी तिला धरले. रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन उतरलेले, आणि बी-12 जीवनसत्त्व इतके कमी की यंत्राला त्याचा आकडा देता आला नव्हता.

हे जीवनसत्त्व अन्नातून सुटे होण्यास जठरातले आम्ल लागते आणि आतड्यात शोषले जाण्यास जठराच्या अस्तरातून पाझरणारा एक पदार्थ लागतो. ताईचे जठर आता वाटेवर नव्हते. शाकाहारी माणसाला ते मुळातच दुधादह्यातून मिळेल तेवढेच. शिवाय मधुमेहासाठी तिने वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिन या औषधानेही त्याचे शोषण कमी होते. यकृतात त्याचा साठा असतो, आणि तो पुरता संपावयास काही वर्षे लागतात. पहिल्या वर्षाचे आकडे ठीक आले ते गोळ्यांमुळे. आणि गोळ्या बंद झाल्यावरही साठा आहे तोवर सारे बरे भासते. मग तो संपतो, आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजू लागते.

"गोळ्या बंद कोणी केल्या?" डॉक्टरांनी विचारले. आवाजात राग नव्हता, खेद होता. "पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं."

माईंनी पिशवीतून ती पाने काढली. फडताळाच्या दारावरून सोडवून त्यांनी ती मुद्दाम बरोबर आणली होती. चष्मा लावून त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. मग डॉक्टरांनी आपल्या खणातून इंग्रजी पुस्तिका काढून तेच वाक्य शोधले आणि माझ्यापुढे धरले. त्यात 'जन्मभर' या अर्थाचा एक साधा, निःसंदिग्ध शब्द होता.

वाचकहो, तो शब्द माझ्या नजरेतून सुटला नव्हता. मला चांगले आठवते. मी प्रथम 'जन्मभर' असेच लिहिले होते. मग ते वाक्य पुन्हा वाचले, आणि 'जन्मभर' हा शब्द मला जन्मठेपेसारखा वाटला. नुकत्याच शस्त्रक्रियेतून उठलेल्या माझ्या बहिणीच्या घरात, रोज उघडावयाच्या दारावर, असा शब्द कशाला? मी तो खोडला व 'डॉक्टर सांगतील तोपर्यंत' असे सौम्य शब्द घातले. टोचणारा शब्द काढण्याची माझी रोजची सवय. त्या रात्री मला त्यात कौशल्यच वाटले होते.

हे मी तेथेच, डॉक्टरांसमोर सांगितले. कोणी काही बोलले नाही. परत येताना रिक्षात ताईने माझा हात हाती घेतला. तिच्या बोटांना माझा हात नीट कळत नसणार, हा विचार मला त्या वेळी सहन होईना. माई मात्र घरी येईपर्यंत गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "तुझं चुकलं ते चुकलंच. पण मीही डॉक्टरांना विचारलं नाही. मला ते वाक्य आवडलं होतं, म्हणून मी ते तपासलं नाही."

उपचार लगेच सुरू झाला. प्रथम एक दिवसाआड बी-12 ची सुई, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा; आणि ती महिन्याची आता कायमची. त्याखेरीज जीवनसत्त्वांची रोजची गोळी, लोह आणि कॅल्शियम. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर एकमेकांना शोषू देत नाहीत, म्हणून दोहोंत निदान दोन तासांचे अंतर. दरवर्षी रक्ताची तपासणी. डॉक्टरांनी आणखीही सांगितले, आणि ते मी या वेळी शब्दशः उतरवून घेतले. काही दिवस सतत उलट्या होत राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व आठवड्या-दोन आठवड्यांतच संपू शकते आणि मेंदूला इजा होते, म्हणून अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. डोके किंवा गुडघा दुखतो म्हणून दुकानातून मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या पुष्कळांनी जोडलेल्या जागी व्रण होतो. तरुण स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, आणि वजन उतरल्यावर ती अधिक सहज होते हे ध्यानात ठेवावे. ताईला या शेवटच्या सूचनेची गरज नव्हती; पण आपल्यापैकी कोणाच्या घरी असेल म्हणून येथे देते.

ताई हळूहळू सुधारली. तीन महिन्यांत बोटांना तांदळाचा दाणा कळू लागला. वर्षाने ती अंधारात भिंत न धरता चालू लागली. डाव्या पायाच्या दोन बोटांची बधिरता मात्र राहिली आहे, आणि ती बहुधा राहीलच, असे डॉक्टर म्हणतात. वजन 71 पर्यंत उतरून पुन्हा 76 वर स्थिरावले आहे. एवढे चढउतार अपेक्षितच असतात. चप्पल आता ती मागे पट्टा असलेलीच घालते.

फडताळाच्या दारावर मी नवी पाने लावली. या वेळी 'जन्मभर' हा शब्द ठळक अक्षरांत छापून घेतला होता. माईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "मग याला पथ्य म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे व्रत झालं. आणि याला उद्यापन नाही."

महिन्याची सुई केव्हा, हे कोणाच्याच ध्यानात राहीना, तेव्हा त्याची व्यवस्थाही माईंनीच लावली. सुई संकष्टीला. संकष्टी विसरली असे त्या घरात कधी झालेले नाही. त्या दिवशी माईंचा उपास असतो. ताईला उपास माफ आहे, आणि साबुदाण्याची खिचडी तर तिला वर्ज्यच करून टाकली आहे, कारण त्यात प्रथिने म्हणण्यासारखी नसतात आणि तो चिकट गोळा तिच्या पोटात अडून बसतो. दुपारी चारच्या सुमारास गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातली परिचारिका येते, सुई देते, माईंच्या हातचा चहा पिते आणि जाते. रात्री मला दिल्लीला दूरध्वनी येतो. पूर्वी माई विचारीत, "तिकडे चंद्र दिसला का?" आता आधी सुईची बातमी सांगतात, मग चंद्राची चौकशी करतात.

गेल्या श्रावणातल्या संकष्टीला इंदूरला दिवसभर पाऊस होता. परिचारिका यावयाची राहिली. माईंनी भाऊजींना छत्री देऊन तिला आणावयास धाडले, आणि चंद्र काही केल्या दिसेना म्हणून पंचांगातली वेळ पाहून स्वतः जेवून घेतले. दूरध्वनीवर ताई हसत मला हे सांगत होती, तोच मागून माईंचा आवाज आला: "चंद्राचं आम्ही वेळेवर भागवून घेतो. सुईचं नाही."